तोल्गाची दृष्ट

तोल्गा पडला. गोलच्या अगदी समोर, रेफरीच्या नजरेसमोर पडला आणि असा काही कळवळला, की बघणाऱ्याला वाटावं पाय गेलाच. अडवणारा खेळाडू त्याच्यापासून चांगला हातभर लांब होता. रेफरीने तोंड फिरवलं. पण प्रेक्षकांत बसलेल्या सरलाकाकूंना राहवेना. कुंपणाचं फाटक ढकलून त्या थेट मैदानात शिरल्या, पर्समधली मीठ-मोहरी मुठीत घेतली आणि भर मॅचमध्ये त्यांनी तोल्गाची दृष्ट काढली.

आता यात काकूंचं तरी काय चुकलं? तोल्गा त्यांच्याच घरी, अमेरिकेतल्या डब्लिन गावी, बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचा. एकेकाळी इस्तंबूलमध्ये त्याच्या नावाने स्टेडियम दणाणायचं. चेंडू जणू त्याच्या शब्दाबाहेर नव्हता. पण पेनल्टीसाठी खोटं खोटं पडायची खोड लागली आणि त्या खोडीपायी एकेक क्लब हातचा गेला. शेवटी गडी ओहायोतल्या या लहानशा क्लबात येऊन टेकला. काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढं गुणी पोर दर मॅचला धडपडतं, म्हणजे नजर लागली, दुसरं काय! सून हिमानीने परोपरीने सांगितलं, की आई, ते नाटक असतं. काकूंना ते पटेना. इतकं पोटभर जेवणारा मुलगा खोटं कशाला पडेल, असं त्यांचं म्हणणं.

त्या प्रसंगाचा व्हिडिओ घरोघरी पोचला. तोल्गा लॉकर रूममध्ये आला रे आला, की टीममधली पोरं मुठी वळून त्याच्याभोवती ओवाळायची. बिचारा शरमेने अर्धा झाला. पण काकूंना बोलणार तरी काय? त्याची स्वतःची आई नजर लागू नये म्हणून त्याच्या बॅगेला निळा मणी बांधायची. असल्या बाईला नाही म्हणता येत नाही, हे तो लहानपणीच शिकला होता.

सीझनची शेवटची मॅच आली. कोचने साफ सांगितलं होतं, की आज गोल केलास तर पुढच्या वर्षी ठेवतो, नाहीतर सामान बांध. या वयात दुसरा क्लब दारात उभं करणार नाही, हे तोल्गाला पक्कं माहीत होतं. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. इकडे हिमानीने सासूबाईंकडून वचन घेतलं, की काही झालं तरी मैदानात उतरायचं नाही. काकू हो म्हणाल्या. पर्स मात्र चांगली फुगलेली होती आणि ती तोल्गाने लांबूनच पाहिली.

मॅच संपत आली तरी बरोबरीच. तोल्गा चेंडू घेऊन गोलपाशी घुसला आणि त्याच्या नडगीवर सणसणीत लाथ बसली. या वेळी खरीखुरी. पडण्याची सगळी तयारी झाली. गुडघे वाकले, हात हवेत गेले, चेहराही कळवळला. समोरचा गोलकीपर तर रेफरीकडे वळून तक्रारही करायला लागला होता.

तेवढ्यात तोल्गाचं लक्ष प्रेक्षकांकडे गेलं. तो तसाच लटपटत सावरला, एका पायावर दोन उड्या मारल्या आणि चेंडू हलकेच जाळ्यात सरकवला.

लॉकर रूममध्ये त्याची नडगी टम्म सुजली होती. कोचने पुढच्या सीझनचं पक्कं केलं, पण त्याला एक कोडं सुटत नव्हतं.

"हक्काची पेनल्टी होती. आयुष्यभर पडलास, मग आजच का नाही पडलास?"

तोल्गाने बर्फाची पिशवी नीट धरली. "काकू उठल्या होत्या," तो म्हणाला.

बाहेर पार्किंगमध्ये काकू हिमानीजवळ कुरकुरत होत्या, की मेली रेस्टरूम इतकी लांब, तिथे जायला उठले आणि पोराचा गोल तेवढा बघायचा राहिला.