शिंक आडवी नको

"डिंभ्याला एसटी धड येत न्हाई, तिथं पोरगी द्यायची न्हाई," हे सयाजीचं वर्षभराचं पालुपद. तरी लेकीच्या हट्टापायी आज डिंभ्याचे पाहुणे घरी आले. कांदे भरून सयाजी सकाळपासून शिंकत होता. ऐन बोलणीत शिंक म्हणजे अपशकून, म्हणून साळुबाईनं आपली शिंकांची गोळी नवऱ्याच्या हातावर ठेवली. पायाची नस दुखते म्हणून त्याची रोजची गोळी चालूच होती.

बैठकीत सयाजी तोंडाला टॉवेल लावून, डोळे मिटून पेंगल्यागत डुलायला लागला.

"मग फोडायची सुपारी, पावणं?"

त्याची मान दोनदा खाली-वर झाली. सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर साळुबाई घाबरली. "दोन गोळ्यांनी गुंगी आली वाटतं. दवाखान्यात चला!"

"डॉक्टरनं कवाच बजावलंय, नसेच्या गोळीवर ती घ्यायची न्हाई, माणूस चालता चालता पडतंय." सयाजीनं खिशातून तिची गोळी काढून तिलाच परत दिली.

"आन् शिंका?"

"दाबल्या. लेकीच्या सुपारीला शिंक आडवी येऊ देतो व्हय?" म्हणाला, आणि घर दणाणेल असा शिंकला.