माश्यांना निरोप

दुसऱ्याच्या घरची खिडकी न विचारता कोण लावतं? गॅरेथ पिमने लावली. बूट पुसले नाहीत, टोपी काढली नाही, आणि "केवढा गारठा हो, गार्बटबाई!" म्हणत जिन्याजवळची खिडकी खटकन ओढून घेतली.

थेल्मा गार्बट गुडघ्यांवर हात देत उठली आणि तिने ती पुन्हा सताड उघडली. बाहेर माळावर बर्फ पडून होतं.

"उघडीच राहू द्या, मास्तर."

"तुम्ही डोंगरावरची माणसं म्हणजे लोखंडाची."

"आणि तुम्ही शहरातली लोण्याची. बसा."

गॅरेथ विद्यापीठात लोकरीती शिकवायचा. पानगळीपासून तो या घराच्या खेपा घालत होता, तो एकाच रीतीसाठी. यॉर्कशरच्या या भागात घरचा धनी गेला की घरातल्या माणसाने दाराची किल्ली घेऊन मधमाश्यांच्या पेट्यांपाशी जायचं, पेटीवर टकटक करायचं आणि धनी गेल्याचं माश्यांना सांगायचं. नाही सांगितलं तर माश्या रुसतात. एक तर उडून जातात, नाही तर आतल्या आत मरतात. थेल्माचे वडील वारले तेव्हा आई रडण्यात विसरली होती, आणि वसंतात सगळ्या पेट्या रिकाम्या निघाल्या. लहानग्या थेल्माने त्या पेट्यांत हात घालून पाहिला होता. आत नुसता भुगा.

आता मागच्या परसातल्या माश्या तिच्या नवऱ्याच्या, विल्फच्या होत्या. मूलबाळ नाही. विल्फच्या हातचं जिवंत असं जगात तेवढंच. ते ती जाऊ देणार नव्हती.

गॅरेथला ही रीत मोबाइलवर चित्रित करून वर्गात दाखवायची होती. नुसतं करून दाखवा, म्हणायचा. नाटक म्हणून.

याआधी दोनदा त्याने विचारलं, आणि दोन्ही वेळा थेल्माने त्याला फटकारलं होतं. "माश्यांपुढे नाटक? माणूस वर खोकतोय आणि मी खाली जाऊन तो गेला म्हणून सांगू? माश्यांना खोटं सांगितलं ना, तर त्या ते खरं करून दाखवतात."

आणि तरी आज हा पठ्ठ्या बिस्किटांचा डबा घेऊन हजर.

"विल्फ कसे आहेत?" त्याने वर बघत विचारलं.

"रात्रभर खोकत होते. आता पडलेत."

"पडू देत, पडू देत. विश्रांती हवीच." त्याने आरशावर टाकलेली शाल बाजूला सारली, केस नीट केले, शाल खुर्चीवर फेकली. "घड्याळ बंद पडलंय तुमचं. चावी देऊ?"

"हात लावू नका!"

ती इतक्या जोरात ओरडली की गॅरेथ बिचकला. मग तो समजुतीने हसला. म्हाताऱ्या माणसांचं असतंच असं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. थेल्माने शाल उचलली आणि पुन्हा आरशावर टाकली. दोन पेले चहा केला, पण प्यायला एकट्या गॅरेथनेच. तिच्या पेल्यावर साय धरली.

"मरणाच्या रीती हाच सध्याचा विषय आहे वर्गात," तो बिस्किट बुडवत म्हणाला. "पोरं अगदी रंगून ऐकतात."

"रंगणारच. घरचं कुणी गेलेलं नसेल त्यांचं."

थेल्माने खुंटीवरची दाराची किल्ली काढली.

"चला."

"कुठे?"

"पेट्यांकडे. वाट निसरडी आहे, हात द्या मला. घ्या तुमचं ते यंत्रही."

गॅरेथचा चेहरा उजळला, आणि लगेच जरा पडला. "पण… त्या दिवशी म्हणालात, खोटं सांगितलं तर खरं होतं. विल्फ आजारी, आणि… नक्की ना?"

"तुम्ही मानता हे?"

"मी? छे. मी फक्त शिकवतो."

"मग झालं तर."

परसात वारा सुटला होता. गॅरेथने मोबाइल कुंपणाच्या खांबावर टेकवला. थेल्माने खिशातून काळ्या कापडाच्या चिंध्या काढल्या आणि एकेका पेटीला बांधल्या.

"वा! तयारीत आहात की," तो हळूच म्हणाला.

तिने पहिल्या पेटीवर किल्लीने टकटक केलं. कान लावला. आत खोल कुठेतरी गुणगुण होती.

"बायांनो," ती म्हणाली, "तुमचा धनी गेला. विल्फ गेला. आता मी आहे. जाऊ नका. मला टाकून जाऊ नका."

प्रत्येक पेटीपाशी तिने तेच सांगितलं, आणि प्रत्येक वेळी आवाज आणखी बसत गेला. शेवटच्या पेटीवर कपाळ टेकून ती तशीच उभी राहिली. आतली गुणगुण थांबली नव्हती.

गॅरेथने मोबाइल उचलला, पाहिलं आणि चुकचुकला.

"गार्बटबाई, अप्रतिम! काय जीव ओतलात! अंगावर काटा आला. फक्त वाऱ्याने आवाज खाल्ला हो. पुन्हा एकदा कराल? पहिल्यापासून?"

थेल्मा सावकाश ताठ झाली. तिने त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"शिकवण्यापुरतेच आहात तुम्ही, मास्तर," ती म्हणाली. "उघडी खिडकी, झाकलेला आरसा, थांबवलेलं घड्याळ, मयताच्या घराच्या या खुणा, आणि एकही ओळखता आली नाही. विल्फ पहाटे गेला. तुमच्या चित्रासाठी तो दुसऱ्यांदा मरायचा नाही."