यंत्राची जबानी

बाबांच्या रिकाम्या पलंगाशी इन्स्पेक्टर उभे होते. "म्हाताऱ्याला एकटं टाकलं असेल, तर गुन्हा दाखल होईल. शेवटी जवळ कोण होतं?"

"मीच," लेक खोटं बोलली.

इन्स्पेक्टर बाबांना सांभाळणाऱ्या यंत्रमानवाकडे वळले. "रहस्यकथांमध्ये पहिला संशय यंत्रमानवावर, पण शेवटी शब्द खरा ठरतो तो त्याचाच. बोल, तू बोल."

"लेकीशी बोलता बोलताच गेले ते."

फाइल मिटून इन्स्पेक्टर निघून गेले. तिने औषधाचा पेला विसळला, पुसला, पालथा घातला. रडू काही येईना.

"तुला तर खोटं बोलता येत नाही ना रे?"

"नाही, ताई. तुम्ही इथे आला नाहीत त्याला चार महिने झाले. त्यांनी तुम्हाला हाक मारली, की मी तुमच्या आवाजात 'ओ' द्यायचो."