पाण्याची रेघ
सिंगापूरमधला पुंगोलचा फ्लॅट विकून वेल्समधलं नदीकाठचं जुनं शेतघर घ्यायचं हे प्रबोधने जवळजवळ ठरवलंच होतं. उल्काला जायचं नव्हतं, पण नवऱ्याचा हिरमोड तिच्याने करवेना. शनिवारी एजंटबाई स्काइपवर घर दाखवू लागली: दगडी भिंती, तीनशे वर्षांच्या तुळया, दारातून दिसणारी नदी. सांगलीचा पूर सोसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "पाणी कुठवर आलं होतं, विचार रे." "आई, हे वेल्स आहे." "नदीच आहे ना?" प्रबोधने हसत एजंटबाईला विचारलं. बाईने कौतुकाने भिंतीवर कोरलेली पुराची रेघ दाखवली, चांगली तिच्या खांद्याला लागणारी. प्रबोधचं हसू मावळलं. पायाशी खेळणाऱ्या लेकीला त्याने उचलून मांडीवर घेतलं आणि बाईचे आभार मानून लॅपटॉप मिटला. "घर मात्र देखणं होतं हो," सासूबाई म्हणाल्या. "हो ना," उल्का हळहळली आणि गुणगुणत चहा टाकायला उठली.