आतले काटे

मुलांनो, डोळे मिटा आणि झरी गावाकडचं गुड फ्रायडेचं ऊन मनात आणा. येशूच्या शेवटच्या वाटेचा देखावा करत क्रुसाची वाट चढायला माणसं टेकडीच्या पायथ्याशी अनवाणी जमलीत. येशू झालेल्या काकासाठी मार्था बोरीच्या काट्यांचा मुकुट करतेय. डोक्याला टोचू नयेत म्हणून आतले काटे चाकूनं छाटणं हे दरवर्षी तिचंच काम. "काका, माझ्या शेळीले कापू नका ना," ती म्हणाली. पांढऱ्या झग्यातला काका हसला. "चाळीस दिवस उपास केला पोरी! ईस्टरले काय वरण खाऊ? कलेजी तुलेच देतो, रडू नको." प्रार्थना सुरू झाली. काका गुडघ्यांवर बसला. मार्थानं चाकू ठेवला, न छाटलेला मुकुट त्याच्या डोक्यावर घातला आणि दाबला. रक्त ओघळलं. "अगदी खरा येशू!" म्हणत बाया रडल्या, भर प्रार्थनेत काकाला ओरडताही येईना. मार्थानं कानाशी वाकून विचारलं, "आता कापता शेळी?" आणि उत्तर येईपर्यंत दाबत राहिली.