बाकामागचा तुकडा

“हे सिगारेटचं काम नाही, ताई,” गवतवाला अंगणात गुडघे टेकून म्हणाला. “सिगारेट पडली की गोल भोक पडतं, कडेला काळं. हा बघा, अख्खा पट्टा वितळलाय.”

लेकीने कपाळाला हात लावला. तिला प्लास्टिकचं गवत दुरुस्त करून हवं होतं, तपास नको होता. तपास तिचा केव्हाच लागला होता. जळलंय बाकासमोरचं गवत, आणि त्या बाकावर दिवसभर बसतं कोण, तर बाबा. ज्यांच्या फुफ्फुसाचा एक भाग गेल्या वर्षी काढून टाकला आणि डॉक्टरांनी ज्यांना बोट नाचवून सांगितलं, की आता एक जरी ओढलीत तर माझ्याकडे येऊ नका, ते बाबा.

“मग काय आभाळातून जाळ पडला?”

“हात ठेवा इथे.”

ती वैतागूनच वाकली. हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. गवतावर उन्हाचा एक कवडसा पडला होता, भोवतीच्या उन्हाहून पांढरा. गवतवाल्याने वर बोट दाखवलं. वरच्या मजल्यावरच्या खिडकीची काच सगळं ऊन खाली अंगणात फेकत होती.

“खोली थंड ठेवणारी काच बसवलीत ना? ती ऊन आत घेत नाही, बाहेर फेकते. ऊन सरकतं तसा पट्टा सरकत जातो. बाहेरून जाळी लावा, नाहीतर आज जोडलेलंही वितळेल.”

खिडकी बाबांच्या खोलीची होती. बाबांना उकडू नये म्हणून तिनेच नवऱ्याशी वाद घालून ती काच बसवून घेतली होती.

आठवडाभर तिने बोलून बोलून बाबांचा जीव नको केला होता. खिसे तपासले, शर्टांचा वास घेतला, गादीखाली हात घातला. काहीच सापडलं नाही, त्यामुळे ती आणखीच चिडली. “पोलिसात भरती हो आता,” नवरा म्हणाला, तर त्यालाही फैलावर घेतलं. बाबा मात्र एका शब्दाने उलट बोलले नव्हते. काल ते अर्ध्या जेवणावरून उठून गेले.

आताही ते बाकावर वर्तमानपत्राआड बसून सगळं ऐकत होते.

“बाबा,” ती म्हणाली. तिला स्वतःचाच इतका राग आला की डोळे भरले. “चुकलं माझं. उगाच तुमच्यावर आळ घेतला.”

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “असू दे गं. या वयात ऐकून घ्यावंच लागतं. आपलीच माणसं, बोलली तर बोलली.” मोठ्या मनाने माफ करायची संधी मिळाली की बाबा ती लवकर आटपत नसत. “मला आपलं एवढंच वाटलं, की पोटच्या पोरीचाही विश्वास नसावा.”

ती नाक पुसत ऐकत राहिली. आज ऐकून घेणं भागच होतं.

गवतवाल्याने तेवढ्यात सुरी काढली. “नवा तुकडा इथे लावला तर ठिगळासारखा दिसेल. याच अंगणातला, एवढंच ऊन खाल्लेला तुकडा काढून इथे लावू, आणि त्याच्या जागी नवा घालू. बाकामागे भिंतीलगतचा चालेल, तिकडे कुणाची नजर जात नाही.”

“तिथला नको,” बाबा म्हणाले.

“का हो, आजोबा?”

“तिथं पाणी साचतं.”

“मग तर उचलून बघायलाच हवं.”

“फाटकाजवळचा घ्या. चांगलं आहे तिकडचं.”

“तिथे गाडी उभी असते. सावलीतलं गवत ते, रंग जुळायचा नाही.”

“मग नवाच लावा. ठिगळ तर ठिगळ, कोण बघायला येतंय?”

आज बाबांचा शब्द मोडायचा नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. “ते म्हणतायत तर राहू दे ना,” ती गवतवाल्याला म्हणाली. पण तो आपल्या कामात कुणाचं ऐकणाऱ्यातला नव्हता. त्याने भिंतीकडची कड चिमटीत धरली. तिथे ना डिंक होता ना खिळा. चादर उचलावी तशी ती अलगद वर आली.

खाली सिगारेटची थोटकं होती. एकाला एक लावून ठेवलेली, गवताच्या वजनाने चपटी झालेली. आतली जुनी होती, पिवळी पडलेली. कडेचं एक अगदी ताजं होतं.

गवतवाला कड हातात धरून तसाच थांबला. ती सोडावी की आणखी उचलावी, त्याला कळेना. शेवटी त्याने ती हळूच खाली ठेवली आणि “जाळीचं माप घेतो” म्हणत घराच्या पलीकडच्या बाजूला निघून गेला.

तिला ओरडायचं होतं. पण आठवडाभर नको त्या गोष्टीसाठी घसा फोडून झाला होता, आणि ओरडायचं खरं कारण आता कुठे समोर आलं होतं. तेवढ्यात बाबांना खोकल्याची उबळ आली. आतून खरवडत येणारा आणि सुरू झाला की लवकर न थांबणारा तो खोकला. सवयीने तिचा हात त्यांच्या पाठीवर गेला. शर्टातून बरगड्या लागत होत्या. तिला खूप भीती वाटली.

“पण गवत मी नाही जाळलं,” खोकला ओसरल्यावर बाबा म्हणाले.

“नाही,” ती पाठ चोळत म्हणाली. “गवत मी जाळलं.”