तुमचं म्हणणं

“बँक नाही म्हणाली, म्हणजे कुठेतरी माशी शिंकली आहे,” रंगारी म्हणाला आणि त्याने बायकोचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. “तुझा क्रेडिट रिपोर्ट काढून बघू. वर्षातून एकदा फुकट मिळतो म्हणे. फुकट ते पौष्टिक!”

“राहू दे ना,” बायको म्हणाली. “भाड्याच्या घरात काय वाईट चाललंय आपलं?”

राहू दे कसं? बिचाऱ्याची हयात दुसऱ्यांच्या भिंती रंगवण्यात गेली होती. स्वतःची एक भिंत आणि तिला मनासारखा पिवळा रंग, एवढीच त्याची हौस. त्याच्या कमाईचा काही नेम नव्हता, म्हणून घराचं कर्ज बायकोच्या नावावर काढायचं ठरलं होतं. ती दवाखान्यात नर्स, पक्की नोकरी.

खरं तर सुईला ती हात लावत नसे, केसपेपर सांभाळायची. होडी उलटून धाकटी बहीण डोळ्यांदेखत वाहून गेली, तेव्हापासून हात थरथरतात, असं तिने लग्नाआधीच सांगितलं होतं. धाकटीचा देह सापडलाच नाही. तेव्हापासून अंधारही सोसत नाही म्हणे. उशाशी रात्रभर दिवा लागायचा, आणि रंगारी डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपायला शिकला होता. जीव होता हो त्याचा बायकोवर, दुसरं काय!

साइटने नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा नंबर घेतला. मग खात्री करायला प्रश्न आला: तुमचं पहिलं बँक खातं कोणत्या शाखेत होतं?

“स्टेशनजवळच्या,” ती म्हणाली. “बहुतेक.”

उत्तर चुकलं.

“धन्य आहे! गावभरच्या पेशंटांची नावं पाठ, आणि स्वतःचं खातं आठवेना?”

“किती वर्षं झाली त्याला,” ती पुटपुटली.

दुसरा प्रश्न नर्सिंगच्या हॉस्टेलचा होता. ती उठली, कपाटातून सर्टिफिकेटांची फाइल काढून आणली आणि पत्ता वाचून दाखवला. रिपोर्ट उघडला.

पत्ते तीन होते. आत्ताचा, हॉस्टेलचा, आणि एक कुठल्यातरी लांबच्या गावचा.

“हा तिसरा कुठला?”

“काय माहीत.”

खाली एक कर्ज दिसत होतं, दवाखान्याच्या खर्चासाठी काढलेलं. पत्ता तोच, तिसरा. मधले काही हप्ते लाल.

रंगारी खवळला. “सापडली चोरटी! कुणीतरी भवानी तुझ्या नावावर जगतेय, आणि हप्ते चुकवून तुलाच गोत्यात आणतेय. हे बघ, इथेच लिहिलंय. कर्ज आपलं नसेल तर तक्रार नोंदवायची, मग त्यांना चौकशी करावीच लागते. शोधून काढतील तिला.”

“तक्रार नको!”

ती एवढ्या जोरात कधी बोलत नसे. रंगाऱ्याने स्क्रीनवरून मान वर केली.

“नको म्हणजे?”

“मी भरते ना ते हप्ते. मिटवून टाकू. कशाला कुणाच्या मागे लागायचं?”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोराचे हप्ते भरणारी पहिल्यांदाच बघतोय.”

ती हसली नाही. तिने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तर त्याने तो धरला. हात बर्फासारखा गार लागला. त्याला वाईट वाटलं. घाबरली असेल, साहजिकच आहे.

“थांब, एवढं शेवटचं बघू. ‘तुमचं म्हणणं’. ज्याचा रिपोर्ट त्याने आपली बाजू लिहायची, म्हणजे बँकवाले वाचतात. तू लिहिलं होतंस काही?”

तिने मान हलवली. नाही.

“मग गेल्या महिन्यात हे कुणी लिहिलं?”

ओळीखाली बोट धरून तो मोठ्याने वाचू लागला.

“‘आजारपणात माझे हप्ते थकले, ते मी फेडीन. या नावावरची बाकी खाती माझी नाहीत, तरी माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. होडी उलटली तेव्हा...’”

रंगाऱ्याचं बोट तिथेच थांबलं. मग ते पुढच्या ओळीवर सरकलं.

“‘...तेव्हा माझी सर्टिफिकेटांची पिशवी तिच्या हातात राहिली आणि मी वाहून गेले. हे वाचणाऱ्याने तिला माझं एवढंच विचारावं. धाकटे, लहानपणासारखी अजून दिवा लावूनच झोपतेस का गं?’”